मालकांची सिंगल बेल

आमचे नळदुर्गचे घरमालक जेवताना एक अक्षर बोलत नसत. तीसेक वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. घसा "पुढं सरका, पुढं सरका" करण्यात झिजवलेला, तेव्हा जेवणापुरतं बोलणं त्यांनी बेलवर सोपवलं होतं. डाव्या हाताशी पितळेचं फुलपात्र आणि डाव्याच हाताच्या बोटात चांदीची जाडजूड अंगठी. अंगठी फुलपात्रावर दोनदा वाजली की काकूंनी आतून भाकरी आणायची. एकदाच वाजली की थांबायचं. डबल बेलला गाडी निघते आणि सिंगल बेलला थांबते, एवढं एसटीत बसलेल्या कुणालाही कळतं. काकूंचा संसार चाळीस वर्षं या दोन बेलांवर चालला होता आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी, लग्न व्हायचं होतं, आणि स्वयंपाकाच्या नावानं बोंब. संध्याकाळी माझा कुकर शिट्टी द्यायचं नाव घेत नसे आणि खालून मात्र टिंग टिंग, टिंग टिंग सुरू. मी अंथरुणावर पडून मोजायचो. पाच डबल बेल झाल्याशिवाय सिंगल कधी वाजली नाही. कधी सहावी वाजली तर समजायचं, आज खाली वांगं आहे.

मालकांना मी मालकच म्हणायचो. ते मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो, असं दोन-तीनदा सांगून पाहिलं. "म्हशीला म्हाईत हाय का ते?" असं त्यांनी विचारलं, तेव्हापासून सांगणं सोडलं.

त्यांच्या डोक्यात जिल्ह्याचा नकाशा होता तो सगळा खाण्याचा. उमरगा किती लांब असं विचारलं तर म्हणणार, "दोन चहा नि एक प्लेट भजी." येडशीचं नाव काढलं की लोकांना रामलिंगाचं देऊळ आठवतं, यांना स्टेशनाबाहेरचा एक वडेवाला आठवायचा, तो जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्यासमोर बुंदीची बादलीच ठेवून पुढं जायचा. पण खादाड म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "ही भूक न्हाय डाक्टर, ड्युटी हाय. गाडी डेपोत जाईस्तोवर उतरता येत न्हाय," असं जेवायला बसण्याआधीच सांगून ठेवायचे.

या माणसाला राग आलेला कसा ओळखायचा, ते मला काकूंनीच सांगितलं होतं. मालक निवृत्त झाले त्या वर्षी काकूंनी त्यांचा खाकी ड्रेस बोहारणीला दिला आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. मालक ओरडले नाहीत, ड्रेसचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर सिंगल बेल वाजली. दुसऱ्या दिवशी तेच. नऊ दिवस हा माणूस अर्ध्या भाकरीवर राहिला. शेवटी काकूंनी तुळजापूरच्या बाजारात ती बोहारीण हुडकून काढली, पातेलं परत केलं, ड्रेस आणून खुंटीला लावला, तेव्हा कुठं पाच डबल बेल ऐकू आल्या. "ह्यांचा राग ताटात उतरतोय," काकू म्हणाल्या होत्या, "तोंडातनं येत न्हाय." हे सांगताना त्यांना नवऱ्याचं कौतुकच वाटत होतं, राग मलाच आला.

आणि त्या स्वतः कधी जेवायच्या, हे मी तरी कधी पाहिलं नाही.

साखरेचं दुखणं मालकांना जुनंच होतं. गोळ्या चालू होत्या, पण गोळी गिळली म्हणजे जिलबीचं तिकीट काढलं, अशी त्यांची समजूत. मागच्या पावसाळ्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. एवढीशी जखम, महिना झाला तरी भरेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी कागद बघितले, पाय बघितला, मालकांचं पोटही बघितलं आणि सांगितलं की आता आठवड्याला एक इंजेक्शन घ्यायचं. साखरही उतरेल, वजनही उतरेल. घेतलं नाही तर पायाचं मी काही सांगू शकत नाही.

इथं खरी अडचण होती. मालकांच्या थोरल्या भावाला हाच रोग. त्यांना सुई सुरू झाली तेव्हा पाय काळा पडला होता. पाय गेला आणि पाठोपाठ ते गेले. शेवटचे चार महिने रोज सुई टोचायचं काम काकूंनी केलं होतं, त्याच घरात, त्याच पुढच्या खोलीत. सुई फार उशिरा आली म्हणून ते गेले, पण आमच्याकडं त्याचा अर्थ उलटा लागतो. सुई लागली की माणूस गेला. दिराचं दहावं झालं त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "आता या घरात परत सुई येऊ देनार न्हाय म्या. माझ्यानं बघवायचं न्हाय."

म्हणून दसऱ्याच्या दोन दिवस आधी मालक, कधी नव्हे ते, जिना चढून वर आले. धापा टाकत कॉटवर बसले.

"डाक्टर, तुमच्या फ्रिजात जागा हाय का?"

"दूध आहे आणि दोन टोमॅटो. का?"

त्यांनी सदऱ्याच्या आतून एक खोका काढला. आत पेनासारखं काहीतरी. थंड ठेवायचं होतं, आणि खालच्या फ्रिजवर काकूंचं राज्य होतं.

"काकूंना सांगा की सरळ."

"तिनं एक डाव बघितलंय. दुसऱ्यांदा न्हाय दाखवनार म्या," ते म्हणाले. मग खोका माझ्या हातात देऊन, "आन टोचायचं तेवडं तुमीच बघा. तुमी म्हशीला सुई मारता, मला मारायला काय जातंय?"

"म्हशीला विचारावं लागत नाही, मालक."

शेवटी असं ठरलं की मी खोक्यातला कागद मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी स्वतःच्या हातानं घ्यायचं. पहिल्या रविवारी त्यांनी सदरा वर केला, डोळे गच्च मिटले आणि दात आवळून विचारलं, "झाली?" मी म्हटलं, "अजून टोपण काढलं नाही." या प्रकाराला त्यांनी 'आठवड्याचा पास' असं नाव दिलं. दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडं येऊन पास काढायचा. काकूंना कळू द्यायचं नाही, अशी मला तुळजाभवानीची शपथ घातली. मीही मूर्खासारखी घेतली.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खालचं गणित बदललं. पाचाच्या चार बेल झाल्या, चाराच्या दोन. मालकांना ढेकर यायचे, मळमळायचं, तळण नकोसं व्हायचं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी वाट बघत पडलो होतो आणि खालून पहिलीच बेल आली ती सिंगल. टिंग. पुढं काही नाही. मी उठून बसलो.

मालक मात्र खुशीत होते. भुकेबद्दल ते जे बोलले ते मी कुठल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नाही. म्हणाले, "डाक्टर, पोटाचं सोडा. माझं डोस्कं रिकामं झालंय. आधी कसं, गाडी सारखी गच्च भरल्याली असायची. सकाळचं खाताना दुपारचं आठवायचं, दुपारचं खाताना सांजचं. सगळे परवाशी एकदम वरडायलेत, मला वाढ, मला वाढ. आता गाडीत कोन न्हाय. पहिल्यांदाच खिडकीतनं भायेर दिसायलंय बगा." भूक मेली नव्हती, त्यांना दोन घास गोड लागत होते. पण ते दोन घास झाले की हात आपोआप थांबायचा. चाळीस वर्षांत त्यांना कळलं नव्हतं की असंही थांबता येतं.

अंगठ्याची जखम भरत आली होती. ती दिसली तर कशानं भरली असं काकू विचारतील, म्हणून ते घरातसुद्धा मोजे घालून फिरायचे. आणि चांदीची अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळला होता.

खाली काय चाललं होतं ते मला कळायला हवं होतं, पण मी पडलो बेल मोजणारा. काकूंनी त्या सिंगल बेलचा एकच अर्थ लावला. दुसरा अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता. हे रागावलेत. कशावर, ते आपल्यालाच शोधायला हवं. आधी त्यांनी खाकी ड्रेस जागेवर आहे का बघितलं, धुऊन इस्त्री करून परत खुंटीला लावला. मग रोज एकेक आवडीचा पदार्थ सुरू केला. शेंगोळे झाले, धपाटे झाले, काळ्या मसाल्याचं वांगं झालं, पुरणपोळी झाली. प्रत्येकावर एकच बेल. उरलेलं सगळं ताट झाकून माझ्याकडं वर यायचं. त्या दोन महिन्यांत मालकांचं वजन उतरलं आणि माझं चढलं. दवाखान्यात लोक विचारायचे, लग्न ठरलं का म्हणून.

एका सोमवारी काकू हातात केरसुणी घेऊन वर आल्या. केर त्या कधी काढत नसत माझ्या खोलीतला. इकडं तिकडं बघितलं आणि सरळ कुकरचं झाकण उचललं.

"काय हाय ह्ये?"

"मुगाची खिचडी, काकू."

त्यांनी बोटानं चाटून बघितली. "मीठ?"

"विसरलो वाटतं."

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. "बिनमिठाची खिचडी खायला हे रविवारचं वर येत्यात?" आवाज असा की मला हसावं की रडावं कळेना. मालक दर रविवारी माझ्या खोलीत येतात आणि खाली आल्यावर जेवत नाहीत, म्हणजे वरच जेवतात, असा त्यांनी छडा लावला होता. चाळीस वर्षांच्या हातापेक्षा या पोराची कच्ची खिचडी गोड लागायली, एवढं काय चुकलं आपलं?

"इथं काही खात नाहीत हो ते. गप्पा मारायला येतात."

"मंग माझं काय चुकलं म्हनत्यात? तुमच्यापाशी बोलत्यात तर सांगा की. अंगठ्याला लागलं तवा म्या बोलले होते, खाऊन खाऊन मराल म्हून. त्येच धरलंय का मनात?"

शपथ आडवी आली. मी म्हणालो, पोट बिघडलं असेल. ओव्याची पुरचुंडी करायला काकू उठल्या, तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. माझा धंदा असा की जनावर दारात आलं की पहिल्यांदा बघायचं, चारा खातंय का. गाय चारा सोडते तेव्हा तिच्या डोळ्यांखाली एक खड्डा पडतो. तो खड्डा मला काकूंच्या डोळ्यांखाली दिसला. ज्यांचं ताट अर्धवट उठतं त्यांच्या मागं बसून ही बाई पोटभर कशी जेवेल? सुई एकाला आणि चारा दोघांनी सोडला होता.

त्याच संध्याकाळी मी मालकांना गाठलं. सांगून टाका म्हटलं. ते मोजे वर ओढायला लागले.

"मला बी दिसायलंय," म्हणाले. "आधी जेवलो की डोळा लागायचा. आता लागत न्हाय. बघतो तर ही दुरडीतली भाकर तशीच झाकून ठेवती. ही जेवती कवा हो डाक्टर?"

"विचारा की त्यांना."

"चाळीस वरसात इचारलं न्हाय. आता कोनत्या तोंडानं इचारू?" मग म्हणाले, "येळवस होऊ द्या. तिचा सन हाय. तेवडा एक दिवस खुशीत जाऊ द्या तिचा, मंग सांगतो."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. तुरीचे सोले, वाटाणा, हरभऱ्याचा पाला आणि हाताला लागेल ती भाजी घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, माठातलं आंबील. दोन दिवस आधीपासून बायकांच्या डोळ्याला डोळा नसतो. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं. आणि मालकांच्या घराण्यात वडलांपासूनचा एक नेम होता. पाच पांडव म्हणून घरच्या कर्त्यानं पाच वेळा वाढून घ्यायचं. मालकांनी हा नेम आयुष्यभर पाळला, किंबहुना सातवर नेऊन ठेवला होता.

त्यांचं रान गावापासून जवळच, हायवेच्या अलीकडं. मी गेलो तेव्हा आजूबाजूचे पाच-सात शेतकरी जेवायला बसले होते. ज्वारी कमरेएवढी, ऊन कोवळं, आंबिलाचा आंबूस वास. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि त्या सगळ्यांना वाढत होत्या. मालकांसमोर फुलपात्र होतं, ते त्यांनी घरून आणलं होतं. आदल्याच दिवशी रविवार होता. पास ताजा होता.

पहिलं वाढप संपलं. काकू पळी घेऊन उभ्या. आम्ही सगळे बघायला लागलो. नेम सगळ्यांनाच माहीत होता. मालकांनी ताटाकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, घास घेऊन बघितला. तो तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. मग अंगठी हलली.

टिंग.

काकूंची पळी भज्जीच्या पातेल्यात पडली.

"आज बी?" त्या म्हणाल्या. "येळवशीला बी? पांडवाम्होरं बी राग?" चाळीस वर्षांत चारचौघांत मान वर न केलेली बाई. "काय केलं म्या? दोन म्हयने झालं, एकेक आठवायलेय. सांगा तरी. सगळ्यांदेखत सांगा, पन सांगा."

आणि मालक जेवणाच्या ताटावर बोलले.

"सुई घ्यायलोय म्या," म्हणाले. "दसऱ्यापास्नं. भूकच लागत न्हाय तिनं. राग कशाचा?"

काकूंचा चेहरा पांढरा झाला. त्या पुढं आल्या, खाली बसल्या आणि मालकांचा उजवा मोजा ओढून काढला. दिराचा पाय त्यांनी पाहिला होता, तोच बघायची तयारी करून त्यांनी मोजा काढला असणार. अंगठा स्वच्छ होता. जखमेच्या जागी नवी गुलाबी कातडी होती, लहान मुलाच्या टाचेसारखी. काकूंनी तो अंगठा दाबून बघितला, वळवून बघितला.

"दुखतंय?"

"न्हाय."

"सुई कोन देतंय?"

टोचून घ्यायचे ते स्वतःच, पण मालकांनी माझ्याकडं बोट केलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता पळीच डोक्यात बसणार.

"जनावराच्या दवाखान्यातनं?" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे राग न्हाई? मुडदा बशिवला तुमचा, राग न्हाई? आन म्या त्यो खाकी ड्रेस तीनदा धुतला!" सगळं रान हसलं. मी हसलो तेव्हा कळलं की दोन महिने माझ्या छातीवर एक धोंडा होता.

आता माझी बदली परंड्याला झाली आहे, लग्नही झालं आहे, खिचडीत मीठ असतं. मालक ठणठणीत आहेत. सुई चालू आहे, पाय शाबूत आहेत, पेनाचा खोका खालच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी असतो. रविवारी टोपण काढायचं काम काकूंनी स्वतःकडं घेतलं आहे. पण मला ते दोघं आठवतात ते त्या दिवशीच्या रानातलेच.

हसू ओसरलं तशा काकू पळी पुसून पुन्हा वाढायला उठायला लागल्या. मालकांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"तू जेवलीस?"

"सगळ्यांचं झाल्यावर बसते की. कवा बसत न्हाय का?"

"कवा बसतीस ते म्या बघितलं न्हाय," मालक म्हणाले. "बस. पाच येळा वाढून घ्यायचा नेम हाय ना घराचा? माझ्यात आता दम न्हाय. तू घे."

काकूंनी पाहुण्यांकडं बघितलं, नको नको म्हटलं. पण मालक पळी घेऊन उभेच राहिले, स्टँडवर शेवटच्या प्रवाशासाठी थांबावं तसे. शेवटी त्या बसल्या, मालकांच्याच ताटावर, मालकांच्याच जागी. मालकांनी वाकून भज्जी वाढली, निम्मी बाहेर सांडली. काकू खाली मान घालून जेवू लागल्या. पहिले चार घास हळू, मग हात भरभर चालायला लागला. दोन महिन्यांची भूक होती. आम्ही आपापल्या पानाकडं बघत होतो.

उंडा संपला. काकूंचा डावा हात थोडा घुटमळला, मग पुढं झाला. त्यांनी फुलपात्र जवळ ओढलं आणि हातातली बांगडी त्याच्यावर वाजवली.

टिंग टिंग.

"आलो, आलो," म्हणत मालक दुरडीकडं धावले.